झोपेत किंचाळणारे मूल

कळंब तालुक्यात येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. समजा, एक स्वमग्न मूल घरच्यांबरोबर यात्रेला गेले. गर्दी, हलगीचा कडकडाट, परतायला उशीर. झोप लागून तास-दीड तास होतो न होतो तोच ते किंचाळत उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने ओले. आईलाही ओळखत नाही, उलट ढकलते. घरचे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. दहा-पंधरा मिनिटांत मूल शांत झोपते. दृष्ट काढली नसती तरी झोपलेच असते!

हे भीतिदायक स्वप्न नव्हे. तशी स्वप्ने बहुधा उत्तररात्री पडतात व जाग आल्यावर आठवतात. गाढ झोप मुख्यतः पूर्वरात्री असते. तिच्यातून मेंदू अर्धवटच जागा होतो तेव्हा भीती आणि हालचाल जागी, ओळख आणि स्मृती झोपलेली, अशी स्थिती होते. सकाळी मुलाला काही आठवत नाही. मात्र न बोलणाऱ्या मुलाला आपण विचारणार कसे? तिथे घड्याळच कामी येते.

जागरणानंतरची झोप अधिक गाढ असते, म्हणून यात्रेच्या दिवसांतही झोपेची वेळ सांभाळावी. मुलाला गदागदा हलवू नये. इजा होणार नाही एवढे पाहावे. प्रकार रोज ठरावीक वेळी होत असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे हलकेच जागे करून पुन्हा झोपवावे. असे काही आठवडे करावे लागते.

स्वमग्न मुलांत अपस्मारही अधिक आढळतो. एका रात्रीत अनेकदा, दर वेळी तंतोतंत सारखेच झटके येत असतील, तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.