वहीच्या शेवटच्या पानावर

मैत्रिणींनो, दर नाताळनंतर मी वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिते. बी.एड्. करणे, वजन कमी करणे, मोठा फ्रीज घेणे! तुमच्याही वहीत असंच एखादं पान असेल. फेब्रुवारीत आपण त्यावर दुधाचा हिशेब लिहितो, नाही का?

माझं बी.एड्. दोनदा राहिलं. एकदा नणंदेचं लग्न, एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. रविवारी देवळात धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला वाचला गेला, की मला आमची ट्रंक आठवते. तिच्या तळाशी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र आहे.

गेल्या वर्षी शाळेतल्या मुलांना घेऊन मी इथल्या, वर्ध्याच्या, मगनवाडीतलं मगन संग्रहालय पाहायला गेले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. चरखे, घाण्या, हातकागद पाहता पाहता जे. सी. कुमारप्पांचं नाव समोर आलं. ते तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. हिशेबतपासणी लंडनला शिकले, अर्थशास्त्र अमेरिकेत, आणि मुंबईत स्वतःची पेढी चालवीत. १९२९ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते गांधीजींना भेटले आणि पुढे ती मिळकत सोडून गावांच्या कामाला लागले. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ते चिटणीस. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, मधमाशा हे त्यांचे विषय, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलेच! सदतिसाव्या वर्षी, हे मी दोनदा वाचलं. मी पस्तिशीची आहे.

जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्यात त्यांनी जगण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. दुसऱ्याला मारून जगणारा वाघ सगळ्यांत खाली. मग बागेतली फळं पळवणारं माकड, स्वतः घरटं विणणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी. सर्वांत वर पिलांना भरवणारी पक्षीण, कारण ती मोबदला मागत नाही.

वाचून आधी बरं वाटलं, मग जरा रागच आला. आईची अशी स्तुती करून आपल्याला ओट्याशीच उभं करतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. मार्था रांधत राहिली आणि मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसली, तेव्हा येशूने मरीयेला उठवलं नाही, हे मात्र घरात कुणी आठवत नाही. शिवाय पक्षीण काही जन्मभर भरवत नाही. पिलं उडाली की तिचे पंख तिचेच.

तरी एक गोष्ट मनात राहिली. माझा संकल्प नेमका कोणत्या पायरीवरचा? बी.एड्. मला का हवं होतं? खरं सांगायचं तर जाऊबाईंचं झालंय म्हणून. असा संकल्प पहिल्या अडचणीलाच कोसळणार.

आमच्या वर्गात तीन मुली आहेत. दिवाळीनंतर कापूस वेचायला आईबरोबर जातात, परत येतात तेव्हा भागाकार पुढे गेलेला असतो. मी अर्धवेळ. तास संपला की घरी. त्यांना नीट कसं शिकवायचं हेही मला धड येत नाही. तेव्हा यंदा पानावर एकच ओळ लिहिली: तीन मुलींचा भागाकार. बुधवारी आणि शनिवारी दुपारी त्या माझ्याकडे येतात. बी.एड्.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्जही भरला, पण आता या ओळीसाठी.

सासूबाई म्हणाल्या, “काऊन वं, या वयात परीक्षा देतं का?” यजमानांनी विचारलं, बुधवारी चारचा चहा कोण करणार? मी चहासाखरेचे डबे ओट्यावर काढून ठेवले. पहिल्या बुधवारी चहा फार गोड झाला. मुलींनी दोन दोन कप घेतला.