दोन टाक्या, एक काटा आणि तिसराच चोर

गाडी बंद पडली आणि टाकी रिकामी निघाली, हे समजू शकतं. पण गाडी बंद पडली, एक टाकी कोरडी, दुसरी काठोकाठ, आणि त्या काठोकाठ टाकीतला थेंबही इंजिनापर्यंत पोचत नाही! भरल्या घरात उपास तो हाच. अशा दोन टाक्यांच्या जुन्या गाड्या हौसेने पाळणारे लोक सहसा टाक्यांना शिव्या देत नाहीत. टाक्या बिचाऱ्या पत्र्याच्या, जिथे बसवल्या तिथे गप्प पडून असतात. भांडण लावतो तो दोघींच्या मधे बसलेला तिसरा. कधी तो व्हॉल्व्ह असतो, कधी बटण, तर कधी चक्क आपला हात.

दोन टाक्यांचा षौक खरा अमेरिकेचा. पंपापंपांमधलं अंतर लांब, पिकअपची भूक मोठी, आणि त्यात १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवल्यावर पंपांवर लागलेल्या रांगा. मिळेल तेव्हा भरून घ्यावं, हा धडा त्या पिढीने गिरवला. फोर्डच्या एफ-मालिकेतल्या पिकअपना पुढे १९९० च्या दशकापर्यंत दोन टाक्या मिळत राहिल्या. एक चासीच्या मधल्या भागात, दुसरी मागच्या ॲक्सलच्याही मागे. दोन्ही मिळून सव्वाशे लिटरच्या वर तेल. डॅशबोर्डवर एक बटण: पुढची की मागची? आणि काटा मात्र दोघींत मिळून एकच. ज्या टाकीवर बटण, तिची पातळी काटा दाखवणार. एका काट्यावर दोन संसार!

पुढची आटते, मागची फुगते

या पिकअपचा सगळ्यात गाजलेला आजार ऐकायला भुताटकीसारखा वाटतो. तुम्ही पुढच्या टाकीवर गाडी चालवताय. पुढची भराभर उतरतेय, इतकी की इंजिन एवढं पिणारच नाही. बटण मागच्या टाकीवर टाकून बघता, तर तिची पातळी सकाळपेक्षा वर! थोडं अंतर गेल्यावर मागच्या झाकणातून पेट्रोल बाहेर, मागे ओघळ आणि वासाने शेजारचे गाडीवाले हैराण.

यात भूत नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजिनाला लागेल तेवढंच तेल वर जायचं. इंजेक्शन आलं तसं गणित बदललं. पंप गरजेपेक्षा बरंच जास्त तेल दाबाने ढकलतो, इंजिन हवं तेवढं घेतं आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं. म्हणजे प्रत्येक टाकीला एक जाणारी वाट, एक येणारी. आता टाक्या दोन असल्यावर उरलेलं तेल ज्या टाकीतून निघालं तिच्यातच परत जायला हवं. हा हिशेब सांभाळायला झडपा असतात. त्यातली एक जरी नीट मिटली नाही, तरी पुढच्या टाकीचं तेल मागच्या टाकीच्या खात्यात जमा! १९९० नंतरच्या मॉडेलांत या झडपा टाकीतल्या पंपासोबतच बसवलेल्या होत्या. म्हणजे बोटाएवढा भाग बिघडला तरी टाकी उतरवण्यावाचून सुटका नाही. हे दुखणं इतकं पसरलं की १९९३ मध्ये फोर्डला त्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

जुने मालक यावर एक बिनखर्चाचा तोडगा सांगतात. जी टाकी फुगते ती कधीच पूर्ण भरायची नाही, आणि प्रवास सुरू करायचा तो तिच्यावरच. झडप बदलेपर्यंत दिवस निभतात. निभतात एवढंच, पेट्रोल सांडणारी गाडी घेऊन कुणी लग्नाला जाऊ नये.

कान लावा

दोन टाक्यांचा एक मोठा फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही: एक टाकी दुसरीची फुकटची टेस्टर असते. एकाच टाकीच्या गाडीत पंप गेला की वायर, फ्यूज, फिल्टर सगळ्यांवर संशय. इथे नुसतं बटण फिरवायचं. दुसऱ्या टाकीवर इंजिन गुणी बाळासारखं चाललं, तर इग्निशन, इंजेक्टर आणि मुख्य फिल्टर यांची निर्दोष सुटका झाली. आरोपी उरले रुसलेल्या टाकीचा पंप, तिची जाळी, तिची वायर आणि तिचं अर्थिंग. यात अर्थिंग आधी बघा. वाळूपाण्यात वर्षं काढलेल्या चासीवर गंजलेला एक बोल्ट निघतो, आणि आपण मात्र पंपाच्या पैशांची जुळवाजुळव करत बसलेलो असतो.

दोन्ही टाक्या एकदम मुक्या झाल्या तर चोर दोघींच्या सामायिक वाटेवर शोधायचा. किल्ली फिरवून इंजिन न सुरू करता पेट्रोल भरायच्या झाकणाशी कान न्या. एक-दोन सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. ती कुठल्याच टाकीतून येत नसेल तर फ्यूज, रिले, आणि फोर्डच्या पिकअपमध्ये एक गंमतीचा डबा. ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायांपाशी एक छोटा स्विच असतो. अपघाताचा धक्का बसला की तो पंपाची वीज तोडतो, म्हणजे आग भडकायला नको. पण त्याला अपघात आणि मोठा खड्डा यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही. वर आलेलं बटण बोटाने दाबलं की मेलेली गाडी जिवंत. त्याआधी कुठे पेट्रोल गळत नाही ना, एवढं मात्र बघा. हा स्विच ठाऊक नसलेल्यांनी आजवर किती चांगले पंप भंगारात घातले असतील!

आणखी एक युक्ती, दोन टाक्या असोत की एक. गाडी अर्धा तास छान चालते, मग झटके खाऊन थांबते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. पुढच्या वेळी थांबली की झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज करत हवा आत गेली, तर पंपाला हात लावू नका. टाकीची हवा घ्यायची वाट बुजलेली आहे. तेल बाहेर जातंय, हवा आत येत नाही, टाकी आतल्या आत श्वास कोंडून बसलीय. (आणि हो, नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं कौतुक आता पुरे. हातपंप फार महाग नसतो.)

भरलेली रिकामी, रिकामी अर्धी

काटा खोटं बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण फोर्डने काट्याची भाषाच उलटी केली होती. टाकीतल्या फ्लोटला जोडलेला भाग पातळीप्रमाणे विजेला कमी-जास्त अडवतो, त्यावरून काटा हलतो. १९८६ पर्यंतच्या पिकअपमध्ये रिकाम्या टाकीला साधारण ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १० ओहम, असा हिशेब. १९८७ पासून उलट: रिकामीला १६, भरलेलीला १५८. आता भंगारवाल्याकडून १९८५ चा भाग आणून १९९० च्या गाडीत बसवा. भरलेली टाकी रिकामी दिसेल आणि रिकामी टाकी अर्ध्याच्या आसपास. मागच्या टाकीत जुना, पुढच्या टाकीत नवा, असं झालं तर बटणागणिक काट्याचं व्यक्तिमत्त्व बदलणार. अशा गाडीत काट्यापेक्षा किलोमीटरची वही खरी.

जॅग्वारच्या दोन कुशी

हा आजार फक्त मालवाहू पिकअपचा, असं समजून उच्चभ्रूंनी नाक मुरडू नये. १९६८ मध्ये आलेल्या जॅग्वार एक्सजे-६ ला मागच्या दोन्ही बाजूंना एकेक टाकी होती आणि वर क्रोमची दोन झाकणं. दिसायला काय झोकदार! पेट्रोल पंपावर मात्र एका बाजूने भरून झालं की गाडीला वळसा घालून दुसरी बाजू. डॅशबोर्डवर टाकी बदलायचं बटण.

पुढे १९७९ च्या तिसऱ्या मालिकेत परतीच्या तेलाला योग्य टाकी दाखवायला विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आले, आणि ते अडकले की साहेबाच्या गाडीतही तोच तमाशा: डावीकडून पिते, उजवीकडे ओकते. त्यात त्या सुंदर झाकणांभोवती पावसाचं पाणी साचतं. ते वाहून न्यायला एक बारीक नळी असते. नळी पालापाचोळ्याने तुंबली की पाणी टाकीत झिरपतं, पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि टाकी खालून गंजते. तेव्हा जुन्या एक्सजेच्या एकाच टाकीवर इंजिन मिसिंग मारत असेल, तर पंपाच्या आधी त्या नळीत एक तार घालून बघावी. १९८६ मध्ये नवीन एक्सजे आली ती एकाच टाकीची.

टीव्हीवाल्यांचा फटाका

जनरल मोटर्सच्या १९७३ पासूनच्या पिकअपमध्ये टाक्या चासीच्या पट्ट्यांच्या बाहेर, दोन्ही अंगांना होत्या. बाजूने धडक बसली की थेट टाकीवर. यावर १७ नोव्हेंबर १९९२ ला एनबीसीच्या ‘डेटलाइन’ने धडकेचं प्रात्यक्षिक दाखवलं, आग लागली, देश हादरला. मग उघड झालं की आग नक्की लागावी म्हणून खेळण्यातल्या रॉकेटचे बार आधीच बांधून ठेवले होते! १९९३ च्या फेब्रुवारीत वाहिनीला पडद्यावर माफी मागावी लागली आणि वृत्तविभागाचे प्रमुख मायकेल गार्टनर यांना खुर्ची सोडावी लागली. गंमत म्हणजे मूळ तक्रार पोकळ नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनीही त्या टाक्यांची रचना सदोष ठरवली. खऱ्या गोष्टीला खोटा फटाका लावायची हौस महागात पडली.

चढ लागला? वळवा गाडी

एकच टाकी असली तरी कटकट सुटत नाही. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये टाकी एकच, पुढच्या सीटखाली, आणि पंप नावाची वस्तूच नाही. तेल उतारानेच इंजिनाकडे जायचं. टाकीत थोडं उरलेलं असताना मोठा चढ आला की टाकी खाली आणि इंजिन वर. उपाय? गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढायची.

फोक्सवॅगन बीटलला तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पेट्रोलचा काटाच नव्हता. झटके बसू लागले की पायाने एक खटका फिरवून राखीव पेट्रोल घ्यायचं.

‘आधी पेट्रोल पिऊ दे तिला’

आपल्याकडे दोन टाक्यांचं खरं विद्यापीठ म्हणजे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. पेट्रोलची टाकी मूळची, आणि डिकी व्यापून बसलेलं सीएनजीचं सिलिंडर. म्हणून प्रवाशाच्या बॅगा टपावर. दादरला भल्या सकाळी अशाच एका टॅक्सीत बसलो होतो. ड्रायव्हरकाकांनी पेट्रोलवर इंजिन तापवलं, मग स्टिअरिंगखालच्या तीन खाच्यांच्या खटक्यावर बोट ठेवलं. वर पेट्रोल, खाली गॅस. त्यांनी तो मधे आणून सोडला. ना पेट्रोल, ना गॅस. गाडी तशीच चाललेली.

“काका, बंद पडेल.”

“थांबा हो. वाटीतलं आधी पिऊ दे तिला.”

वाटी म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल. ते संपत आलं, इंजिनाने पहिली उचकी दिली, आणि त्याच क्षणी काकांनी खटका खाली पाडला. पुढे कुठेतरी ‘टक्’ झालं, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला आणि गाडी पुन्हा घुमायला लागली. घाईने सरळ गॅसवर टाकली असती तर पेट्रोल आणि गॅस एकदम आत जाऊन इंजिन गुदमरलं असतं. उशीर केला असता तर सिग्नलच्या तोंडाशी बंद. सगळी विद्या त्या उचकीत. ‘टक्’ आलाच नाही तर व्हॉल्व्हची वायर किंवा फ्यूज बघायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

या गाड्यांचं दुसरं दुखणं आळसाचं. गॅस स्वस्त, म्हणून पेट्रोलच्या टाकीत जेमतेम लिटर-दोन लिटर. महिनोन्‌महिने तेच. रिकाम्या टाकीला आतून गंज, शिळं पेट्रोल चिकट, कार्ब्युरेटरची सुई अडकलेली. मग ज्या दिवशी गॅसच्या रांगेत जायची सोय नसायची, नेमकी त्याच दिवशी पेट्रोलची बाजू दगा द्यायची. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. खटक्याची ती विद्याही तिच्याबरोबर गेली म्हणायची.

एका टाकीच्या दोन टाक्या

आणि सगळ्यात स्वस्त दुहेरी टाकी तर आपल्या घरातच होती. बजाज चेतकच्या टाकीत आत एक उंच नळी आणि तळाशी एक भोक, एवढाच जुगाड. कॉक ‘चालू’वर असताना तेल उंच नळीतून येणार. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की स्कूटर झटके देणार. मग सीटखाली हात घालून कॉक ‘रिझर्व्ह’वर. तळाचं तेल मोकळं. ना काटा, ना वायर, ना व्हॉल्व्ह. बिघडायला काही शिल्लकच नाही.

असं वाटायचं. आमच्या बाबांची चेतक एकदा सिंहगड रस्त्यावर भर उन्हात थांबली. बाबा न उतरता, सवयीने, नजर रस्त्यावर ठेवूनच कॉककडे वाकले. हात तिथेच थांबला. कॉक आधीपासून रिझर्व्हवरच होता. गेल्या वेळी पेट्रोल भरल्यावर तो परत फिरवायचा राहून गेला होता. मी मागे उतरलो, बाबांनी हँडल धरलं, आणि पंप येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता स्कूटर ढकलत राहिलो.