बांधावरची भेट आणि फडातली भेट



शेतकी खात्याचा माणूस शेतावर येऊन गेला, एवढ्यावरच भेट झाली असं आपण धरत आलो. तो आला, बांधावर उभा राहिला, "ऊस झ्याक हाय" म्हणाला, चहा घेतला आणि फटफटीला किक मारून पुढच्या वस्तीला गेला. वहीत तारीख पडली. पण त्या भेटीत काय पाहिलं नि काय पाहायचं राहिलं, हे त्या वहीवरून ना कारखान्याला कळतं ना तुम्हाला. म्हणून यापुढे प्रत्येक भेटीसाठी कामांची छापील यादी, म्हणजे भेट-तक्ता, वापरायचा असं ठरलं आहे. त्यात सभासदाचं काय काम, ते येथे सांगतो.

पहिला तक्ता नोंदीचा. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, जात, लागण की खोडवा आणि लागणीची तारीख. दिसायला किरकोळ, पण पुढची सगळी भांडणं इथूनच निघतात. तोडीचा कार्यक्रम मुख्यतः तारीख आणि जात पाहून लागतो. तारीख पंधरा दिवस पुढची पडली, तर तोडही फक्त पंधरा दिवस लांबते असं समजू नका. तेवढ्यात टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते, ती परत येईतो मार्चचं ऊन लागतं आणि फडात उभा ऊस वजनाला घटत जातो. लागण आठवडाभर चालली असेल तर तारीख सुरू केल्याची की आटोपल्याची, हाही वाद होतो. म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने ठेवले आहेत.

क्षेत्राच्या रकान्यात "अंदाजे दोन एकर" चालणार नाही. कर्मचाऱ्याने टेप लावून नाहीतर मोबाईलच्या जीपीएसवर चारही कडा स्वतः चालून क्षेत्र काढायचं, त्यातून विहीर, गोठा, पडीक कोपरा वजा करायचा. क्षेत्र जास्त लागलं तर सभासदाला बरं वाटतं, पण त्याच चुकीनं सगळ्या गटाच्या तोडीचं गणित बिघडतं.

दुसरा तक्ता उगवणीनंतर, सहा ते आठ आठवड्यांनी. नांग्या किती, खोडकिडीचे पोंगे किती, तण केवढं आणि खताचा दुसरा हप्ता पडला का. इथं जरा थांबतो, कारण खताची चूक डोळ्याला दिसत नाही. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद आणि ११५ पालाश अशी आहे. नत्र चार वेळा द्यायचं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. एकराचा हिशेब केला तर नत्र १०० किलो, म्हणजे युरिया सुमारे २१७ किलो. हप्ते २२, ८७, २२ आणि ८७ किलोचे. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, तेव्हा पाच पोत्यांना थोडं कमी. डीएपी टाकला असेल तर त्यातलं नत्र वजा धरायचं. को ८६०३२ असेल तर शिफारस २५ टक्के जास्त. म्हणूनच जात आधी आणि खत नंतर, असा तक्त्याचा क्रम आहे. "खत टाकलं का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. किती पोती आणि कोणत्या तारखेला, असं विचारलं म्हणजे खरं काय ते बाहेर येतं.

तिसरा तक्ता मोठ्या बांधणीच्या वेळचा. पुढे ऊस उंच होतो, फडात शिरता येत नाही, तेव्हा काणीचे चाबूक, गवताळ वाढीची बेटं आणि हुमणी बघायची ही चांगली संधी. हुमणीच्या रकान्यात आहे-नाही लिहायचं नाही. फडात पाच ठिकाणी खणून किती अळ्या सापडल्या तो आकडा लिहायचा. काणीचं बेट दिसलं तर चाबकावर पिशवी घालून मगच उपटायचं आणि जाळायचं, नाहीतर काळी भुकटी सगळ्या फडात उडते.

चौथा तक्ता पक्वतेचा. हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटरनं शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स घ्यायचा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व होत आला. ऊस बांधाकडेचा नको, आतला हवा, आणि शेवटचं पाणी कधी दिलं तेही शेजारी लिहायचं. ओल्या रानातला आकडा फसवतो.

आमच्या काही जुन्या कर्मचाऱ्यांना हे पटलेलं नाही. "आमचं आयुष्य उसात गेलं, आम्हाला यादी कशाला?" असं ते म्हणतात. त्यांचा अनुभव मी मानतो. पण १९३५ साली अमेरिकेत बोईंग कंपनीचं नवं मोठं लष्करी विमान उड्डाण होताच कोसळलं, ते चालवणारे वैमानिक नवखे नव्हते. शेपटीकडच्या पट्ट्यांची कळ सोडायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हातात तपासणीची यादी आली. दिवसाकाठी पंधरा शेतं फिरणाऱ्या माणसाचं असंच होतं. दहाव्या शेतावर काय पाहिलं ते बाराव्यावर आठवत नाही.

या पद्धतीला खोट नाही असं नाही. लिंबाखाली बसून दहा तक्ते एकदम भरता येतात. म्हणून खुणेऐवजी आकडा मागितला आहे आणि एका तक्त्यात कलमं थोडी ठेवली आहेत. पानभर यादी कोणी वाचत नाही. भेटीला वेळ जास्त लागेल, दिवसात शेतं कमी होतील. ते चालेल.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. भेटीच्या वेळी स्वतः किंवा घरचं जाणतं माणूस फडात बरोबर राहावं. आणि तक्ता पूर्ण भरून, वाचून झाल्यावरच खाली सही करावी. कोऱ्या तक्त्यावर सही मागितली तर देऊ नये. एक प्रत तुमच्याकडे राहील. ती ऊसबिलांच्या कागदांत जपून ठेवा. तारीख किंवा क्षेत्र चुकलं असेल तर ती प्रत घेऊन आपल्या गट कार्यालयात या. दुरुस्ती तोडीचा कार्यक्रम लागण्याआधी होते, टोळी शिवारात उतरल्यावर नाही.

— ऊस विकास अधिकारी