पायदुखीवर विजेचा उतारा
(पायांचं रक्ताभिसरण : लेखांक ६)

धमन्या चोंदल्या की चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात, हे मागच्या लेखात पाहिलं. दुखणं वाढलं की रात्री अंथरुणातही पाऊल ठणकू लागतं. मग रोगी उठून बसतो, पाय पलंगाखाली लोंबते सोडतो. रक्त थोडं खाली उतरतं आणि जरा डोळा लागतो. अशा दुखण्यावर विजेचं यंत्र घ्यावं का, असं बरेच वाचक विचारतात.

कल्पना जुनीच आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाउटच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर जिवंत विद्युत्-माशावर उभं करायचा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर! त्यामागचं आजचं स्पष्टीकरण 1965 साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं. ठेच लागली की आपण बोट चोळतो. चोळण्याची संवेदना जाड मज्जातंतूंतून मज्जारज्जूत पोचते आणि बारीक तंतूंतून येणारी कळ तिथेच अडवते.

फिजिओथेरपिस्टकडचं ‘टेन्स’ हेच करतं. कातडीवर चिकटपट्ट्या, खिशात मावणारी डबी, आणि पायात मुंग्या. चालताना ते लावल्यावर काही रोगी न दुखता थोडं लांब जातात, असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण चोंदलेली धमनी त्याने मोकळी होत नाही. ‘ब्लॉकेज उघडतं’ असं सांगून यंत्र विकणाऱ्याला खुशाल दारातून परत पाठवावं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्स लावू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलावरही नको. कातडी भाजली तरी कळत नाही.

दुसरा प्रकार गंभीर रोग्यांसाठी. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तार सरकवतात आणि बॅटरी पोटाच्या किंवा कुल्ल्याच्या कातडीखाली बसवतात. वेदनेसाठी हा उपाय पहिल्यांदा 1967 साली नॉर्मन शीली यांनी केला. 1976 मध्ये कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं, की अशा रोग्यांच्या पायांचं रक्ताभिसरणही सुधारतं. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंचा जोर कमी होतो, बारीक वाहिन्या सैलावतात आणि थंड पडलेलं पाऊल कोमट लागतं.

फायदा मात्र बेताचाच. बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रोग्यांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर साधारण नऊ जणांना हे यंत्र बसवल्यावर वर्षभरात एकाचा पाय कापण्यापासून वाचतो. वेदनाशामक गोळ्या कमी लागतात, हे खरं. पण तार सरकते, जंतुसंसर्ग होतो आणि खर्च लाखांत जातो. विडी-सिगारेटमुळे ऐन तारुण्यात पाय काळे पडणाऱ्या बर्गर रोगातही हे यंत्र वापरतात. तिथे तंबाखू सुटली नाही तर पैसे पाण्यात.

म्हणून यंत्राच्या दुकानात जाण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. दोन्हींचं गुणोत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं, तर दुखण्याचं मूळ धमनीत आहे असं समजा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. चालताना येणाऱ्या गोळ्यांवर सगळ्यात जास्त पुरावा असलेला उपाय फुकटात मिळतो, तो म्हणजे चालणं. किती, कसं आणि कुठे थांबायचं, ते पुढच्या आठवड्यात.