प्रायॉरिटी म्हणजे आधी नंबर की मोठा वाटा?

पोस्टडॉक सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. सेन्सरचा डेटा सतत वाचणारा माझा जावा प्रोग्रॅम विंडोज लॅपटॉपवर मस्त चालायचा. तोच लिनक्स मशीनवर नेला, शेजारी विश्लेषणाचं जड काम लावलं, आणि मधलेमधले आकडे गायब! एरर मात्र एकही नाही. डेटा वाचणाऱ्या थ्रेडला तर मी सर्वांत वरची, म्हणजे १० प्रायॉरिटी दिली होती. मग चुकलं कुठे?

थ्रेड जास्त आणि प्रोसेसरचे कोर कमी, म्हणून आत्ता कोणी चालायचं हे शेड्युलर ठरवतो. आपण त्याला प्रायॉरिटी सांगतो. पण तिचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. कुठे तो 'आधी नंबर' असतो, तर कुठे 'मोठा वाटा'.

विंडोजमध्ये ० ते ३१ पातळ्या आहेत. तयार थ्रेड्सपैकी वरच्या पातळीचा आधी चालतो, बरोबरीचे आलटूनपालटून. फार वेळ ताटकळलेल्याला अधूनमधून तात्पुरती बढती मिळते, एवढंच. म्हणजे इथे मुख्यतः रांग आहे.

लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत 'नाइस' हा आकडा असतो, -२० ते १९. गंमत म्हणजे आकडा जितका लहान, तितका थ्रेड महत्त्वाचा. पण इथे ठरतो तो वाटा. एकाच कोरवर नाइस ० आणि नाइस ५ असे दोन थ्रेड सतत राबत असतील, तर वेळ साधारण ७५ आणि २५ टक्के असा वाटला जातो. उपाशी कोणीच राहत नाही, पण अगदी हव्या त्या क्षणी पान वाढलं जाईल याची खात्रीही नाही. ती हवी असेल तर 'शेड फिफो' हे वेगळं धोरण घ्यावं लागतं. त्यात १ ते ९९ आकडे, आणि इथे मोठा आकडा वरचढ! त्यासाठी खास परवानगी लागते, आणि असा थ्रेड अनंत लूपमध्ये अडकला तर बाकीच्यांची पंचाईत होते.

मॅकओएसवर आकड्याऐवजी कामाचं स्वरूप सांगायची पद्धत आहे: वापरणारा समोर वाट पाहतोय, की हे मागे निवांत चालू दे?

आता माझा घोळ. जावामधली १ ते १० ही प्रायॉरिटी फक्त सूचना असते. लिनक्सवर जावाचं नेहमीचं हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीन मूळ सेटिंगमध्ये ती चक्क दुर्लक्षित करतं. माझा १० कोणी वाचलाच नव्हता! लॅपटॉपवर शेजारी जड काम नव्हतं, म्हणून हे कधी लक्षातही आलं नाही.

शेवटी वाचण्याचं काम छोट्या सी प्रोग्रॅममध्ये नेलं, त्याला शेड फिफो दिलं आणि बफर मोठा केला. गळती थांबली. आधीची मोजमापं मात्र पुन्हा घ्यावी लागली.

म्हणून आकडा टाकण्याआधी स्वतःला विचारा: हे काम उशिरा झालं तर फक्त वेळ जाईल, की डेटाच जाईल? नुसता वेळ जाणार असेल तर वाटा पुरतो. डेटा जाणार असेल तर नंबर लागतो. आणि खात्री करायची ती मशीनवर पूर्ण लोड टाकूनच. रिकाम्या मशीनवर काय, सगळेच थ्रेड वेळेवर येतात.