तडकलेल्या काचेची घरगुती दुरुस्ती

मोबाइलच्या काचेचे सामर्थ्य एका रासायनिक प्रक्रियेत आहे. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये ती बुडविली असता पृष्ठभागातील सोडियमच्या आयनांची जागा आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन घेतात, आणि त्या दाटीमुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहून सूक्ष्म भेगांना उघडू देत नाही. या दाबाच्या थरापलीकडे भेग पोहोचली, की तडा पसरतो.

असा तडा पुन्हा सांधत नाही. काच बदलावीच लागते. बहुतेक फोनमध्ये ती पडद्याला पारदर्शक डिंकाने चिकटविलेली असल्यामुळे, नवशिक्याने नुसती काच सोडविण्याच्या भरीस न पडता संपूर्ण डिस्प्लेच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फोन बंद करावा, फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावावी, डोळ्यांना चष्मा असावा. कडा बेताने उबवून प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवावी आणि आत सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. लिथियम बॅटरीला धातूचे टोक लागून भोक पडल्यास ती पेट घेऊ शकते, म्हणून या कामी घाई सर्वथा वर्ज्य होय. नवा डिस्प्ले डिंकाने बसविण्यापूर्वी, केवळ जोडून, स्पर्श व प्रकाश तपासून घ्यावेत.