ट्रायलवरचा माणूस पक्का कधी करायचा? आधी विद्यापीठाचा नियम बघा

माणसं कामाला ठेवण्यावरचा व्हिडिओ टाकला की एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "सर, पोरगा ट्रायलवर घेतला, आता पक्का कधी करायचा?" बहुतेक दुकानांत याचं उत्तर "बघू" असतं. दिवाळी झाली की बघू, सीझन संपला की बघू. पोरगा दीड वर्ष ट्रायलवरच राहतो आणि हिंगणघाटच्या दुसऱ्या दुकानात हजार रुपये जास्त मिळाले की निघून जातो. मालक म्हणतो, आजकालची पोरं टिकत नाहीत. अहो, पण तो आपला आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

या बाबतीत विद्यापीठं आपल्यापेक्षा बरीच पुढे आहेत. सरकारी कारभार म्हणून आपण हसतो, पण माणूस नेमण्याचा त्यांचा कागद वाचण्यासारखा असतो.

विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये नियमावली काढली. त्यात प्रोबेशन, म्हणजे परिविक्षा कालावधी, एक वर्षाचा आहे. काम समाधानकारक नसेल तर तो जास्तीत जास्त आणखी एक वर्ष वाढवता येतो. पण वाढवायचा असेल तर पहिलं वर्ष संपायच्या आत तसा वेगळा आदेश काढावा लागतो. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे, प्रोबेशन पूर्ण झाल्यावर काम तपासून ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे. म्हणजे घड्याळ फक्त नोकराच्या डोक्यावर नाही, मालकाच्याही डोक्यावर आहे.

शाळांचं बघा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे. रिकाम्या कायम जागेवर नेमलेल्या माणसाचं प्रोबेशन दोन वर्षं (शिक्षणसेवकांचं वेगळं). काम पसंत नसेल तर या काळात एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन थांबवता येतं. संस्था काहीच न बोलता दोन वर्षं जाऊ देते, तेव्हा तो माणूस कायम झाला असं कायदाच धरतो. सुप्रीम कोर्टानेही १९६८ मध्ये पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या धरम सिंग प्रकरणात हेच तत्त्व मांडलं: नियमात प्रोबेशनची कमाल मुदत ठरलेली असेल आणि ती उलटल्यावरही माणसाला कामावर चालू ठेवलं असेल, तर तो कायम समजायचा. "बघू" म्हणत बसणाऱ्याला तिथे जागा नाही.

आता दुसरा भाग. यावर कोणी प्रश्न विचारत नाही, पण नुकसान इथेच जास्त होतं.

समजा तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एक ताई तीन वर्षांपासून आहेत. गिऱ्हाईक सांभाळण्यात एक नंबर. तुम्ही खूश होऊन त्यांना खरेदी आणि उधारी वसुलीचं काम दिलं आणि काउंटरवर नवीन मुलगी ठेवली. दोन महिन्यांनी कळलं की वसुली त्यांना जमत नाही. मागे जायला जागा नाही, पुढे जमत नाही. त्या राजीनामा देतात. तुमचा चांगला काउंटर गेला आणि वसुलीही गेली.

सरकारी आणि विद्यापीठाच्या नोकरीत यासाठी एक शब्द आहे, धारणाधिकार. कायम कर्मचारी दुसऱ्या पदावर निवडला गेला की नव्या जागी कायम होईपर्यंत जुन्या जागेवरचा त्याचा हक्क साधारणपणे टिकतो. नवीन जमलं नाही तर जुन्या खुर्चीवर परत. म्हणूनच तिथला क्लार्क वरच्या पदासाठी बिनधास्त अर्ज करतो. आपल्या दुकानात मात्र वरचं काम घेणं म्हणजे विहिरीत उडी. मग हुशार माणूस म्हणतो, नको साहेब, काउंटरच बरा.

शिवाय आयोगाच्या त्याच नियमावलीत परिविक्षा फक्त सुरुवातीच्या नेमणुकीला लागते. तीन वर्षं काम केलेल्या ताईंना तुम्ही पुन्हा "ट्रायलवर आहात" म्हणता, तेव्हा नकळत त्यांची तीन वर्षं पुसता. नवीन कामाची चाचणी घ्या, माणसाची नको.

दोन-चार माणसांच्या दुकानाला एक वर्षाचं प्रोबेशन फार होतं, असं माझं मत. कारखान्यांसाठी केंद्राने १९४६ मध्ये केलेल्या नमुना नियमांतही ते तीन महिन्यांचंच होतं. काउंटर, पॅकिंग, डिलिव्हरीला तीन महिने पुरतात. हिशेब आणि रोकड ज्याच्या हातात द्यायची, त्याला सहा महिने ठेवा, म्हणजे एक सीझन आणि एक मंदी दोन्ही दिसतात. आणि ट्रायल आहे म्हणून किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही, ते ट्रायलवाल्यालाही लागू आहे.

कागद एका पानाचा पुरे. नव्या माणसासाठी: कामाचं नाव, सुरुवातीची तारीख, ट्रायल संपायची तारीख, पगार, ट्रायलमध्ये काय बघणार (वेळ, रोकड जुळणं, गिऱ्हाईकाशी बोलणं), आणि शेवटी एक ओळ: "या तारखेपर्यंत दुकानाने लेखी काही कळवलं नाही, तर आपण कायम झालात असं समजावं." ही ओळ टाकायला बरेच मालक घाबरतात. मी म्हणतो टाकाच, मग तारीख कॅलेंडरवर लाल पेनने आपोआप लिहिली जाते.

काउंटरवरून वसुलीला जाणाऱ्या ताईंसाठी कागद वेगळा: "आपण १ तारखेपासून तीन महिने वसुलीचं काम बघाल. या काळात काउंटरचं पद आपल्यासाठी राखून ठेवलं आहे, तिथला नवीन माणूस तात्पुरता आहे. काम जमलं नाही किंवा आवडलं नाही तर आपण जुन्या कामावर, जुन्या पगारावर परत याल. सेवेची वर्षं मोजताना खंड धरला जाणार नाही." आणि काउंटरवर घेतलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगा की ही जागा तीन महिन्यांची आहे.